आईसाठी पहिल्यांदाच सीबीडी तेल घ्यायचंय. चांगली बाटली ओळखायची कशी?

मनवा_कोथरूड

नमस्कार मंडळी,

माझी आई ६७ वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, डाव्याची जरा जास्त. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच, मग पहाटेपर्यंत टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेली असते. शस्त्रक्रियेला तयार नाही. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनीच कमी करायला सांगितल्यात. भिशीतल्या एका काकूंनी सीबीडी तेलाचं (भांगेच्या झाडात सीबीडी नावाचा घटक असतो, त्याचं तेल) नाव काढलं आणि तेव्हापासून "ते तेल बघ ना गं" हे रोज ऐकतेय.

मला दोन वाटा दिसतात. दादा न्यू जर्सीला असतो, तो दिवाळीला येताना आणतो म्हणतोय. तिथे पेट्रोल पंपावरच्या दुकानातसुद्धा मिळतं म्हणे. दुसरी वाट म्हणजे आपल्याकडे ऑनलाइन 'विजया तेल' म्हणून मिळतं ते. चार ठिकाणी पाहिलं. तीस मिलीच्या बाटलीला कुठे आठशे रुपये, कुठे साडेपाच हजार. कुणी 'हेम्प सीड' लिहितो, कुणी 'फुल स्पेक्ट्रम', कुणी नुसतंच 'कॅनाबिस'. फरक काय तो कळत नाही.

कुणी वापरलंय का? बाटली घेताना काय बघायचं? आईला चुकीचं काही दिलं जाऊ नये एवढंच मनात आहे.

गोदाकाठ

हे म्हणजे गांजाच ना? पोलिसांची कटकट होणार नाही ना, ते आधी बघा.

आबा_वाईकर

गांजा कसला, हेम्प म्हणजे अंबाडी. माझ्याकडच्या जुन्या इंग्रजी-मराठी कोशात तेच दिलंय. अंबाडीची भाजी आम्ही लसणाची फोडणी घालून आठवड्यातून दोनदा खातो, कण्यांबरोबर. गुडघे दुखतात ते दुखतातच.

रानवाटा

आबा, कोशाने घोळ घातलाय खरा. इंग्रजांनी दोरखंडाचा धागा देणाऱ्या पुष्कळ झाडांना सरसकट हेम्प म्हटलं. अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातली. पानं भांगेसारखी बोटाबोटांची दिसतात म्हणून तिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' आलं, नातं तेवढंच. ताग तर शेंगवर्गातला. ज्याच्यात सीबीडी असतं ते झाड वेगळं, कॅनाबिस सटायव्हा. त्याची पानं ती भांग, मादी झाडाचे फुलोरे तो गांजा आणि राळ म्हणजे चरस. झाड एकच असलं तरी कायदा त्याच्या प्रत्येक भागाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

तुमची अंबाडीची भाजी चालू राहू द्या, ती निर्धोक आहे :)

वैद्य_रोहिणी

कायद्याचं आधी सांगते, कारण मनवाताईंच्या दोन वाटांपैकी एक तिथेच बंद होते.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची व्याख्या 'फुलोरे आणि फळधारणेचे शेंडे' अशी आहे. शेंड्यांबरोबर नसलेली पानं आणि बिया त्यातून वगळल्यात. चरसाच्या व्याख्येत राळ येते आणि राळेपासून केलेलं संहत तेलही येतं. अमेरिकेतलं बहुतेक सीबीडी तेल फुलोऱ्यांपासून काढलेलं असतं. तिथे २०१८ च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी (झाडातला नशा आणणारा घटक) असलेल्या हेम्पला मोकळीक दिली, पण तो नियम त्यांच्या देशापुरता. आपल्या विमानतळावर तो दाखवून उपयोग नाही. दादाला बाटली आणू देऊ नका.

आपल्याकडे कायदेशीर मिळतं ते आयुर्वेदिक औषध म्हणून, पानांच्या अर्कापासून केलेलं. विजया हे भांगेचंच संस्कृत नाव. आमच्या जातीफलादी चूर्णातही ती असते, शोधन केलेली. पण औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याखालच्या नियमांत 'ई-१' नावाची विषारी द्रव्यांची अनुसूची आहे, तिच्यात बिया सोडून भांग येते. त्याच यादीत बचनाग, कुचला, धोतरा, गुंज आणि आपला बिब्बाही आहे. बिब्बा उतल्यावर कातडीचं काय होतं ते घरोघरी माहीत आहे. म्हणून अशा औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना असावीच लागते. ती सूचना, आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत, यांपैकी एक जरी नसेल तरी बाटली बाजूला ठेवायची.

आणि हो, महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचाही अंमल आहे. त्यामुळे ओळखीतून आणलेलं घरगुती भांगेचं तेल या फंदात पडू नका.

संपादक मंडळ

सूचना: या धाग्यावर कुठल्याही ब्रँडचं नाव, दुकानाचा दुवा किंवा सवलतीचा कोड देऊ नये. दोन प्रतिसाद काढले आहेत.

गोदाकाठ

वैद्यबाई, धन्यवाद. बिब्ब्याच्या शेजारी भांग बसवलीय म्हटल्यावर प्रकरण नीट कळलं. आजीने माझ्या पायावर बिब्बा घातला होता, डाग अजून आहे.

लॅबकर

मी तारापूर एमआयडीसीत विश्लेषण प्रयोगशाळेत आहे, एकोणीस वर्षं झाली. वनस्पतींचे अर्क रोज मशीनवर घालतो, त्यामुळे या धाग्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आधी 'हेम्प सीड ऑइल'चा गोंधळ. हे बियांचं तेल, जवसासारखं. उत्तराखंडात याच बियांची चटणी करतात. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बियांना आणि तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली आणि त्यातच मर्यादा घातली: तेलात टीएचसी किलोला १० मिलिग्रॅमच्या आत, सीबीडी किलोला ७५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे ३० मिलीच्या बाटलीत सीबीडी जास्तीत जास्त दोन-सव्वादोन मिलिग्रॅम, अख्ख्या बाटलीत! ते कोशिंबिरीवर घाला, चांगलं आहे. गुडघ्यासाठी म्हणून त्याचे दोन हजार रुपये घेत असतील तर ती फसवणूक आहे. मनवाताई, तुम्ही पाहिलेली आठशेची बाटली बहुधा हीच असणार.

आता खऱ्या तेलाचं. लेबलावर मोठ्या अक्षरात आकडा असतो, समजा १५००. तो कशाचा आकडा आहे ते वाचा. परदेशी बाटलीवर तो सहसा सीबीडीचा असतो. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांवर तो 'विजया अर्का'चा असतो. अर्क म्हणजे सीबीडी नव्हे. अर्कात सीबीडी असतं, टीएचसी असतं, हरितद्रव्य, मेण, बरंच काही असतं. १५०० मिलिग्रॅम अर्कात सीबीडी ४०० असेल, नाहीतर ९०० असेल. ते लेबल सांगत नाही, चाचणी अहवाल सांगतो.

अहवाल नसेल तर घेऊ नका. असेल तर तो त्या बॅचचा आहे का बघा. संकेतस्थळावर एकच सुंदरसा अहवाल टांगून ठेवतात आणि वर्षभर त्याच्यावर माल विकतात. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. प्रयोगशाळा उत्पादकाची स्वतःची नको, बाहेरची हवी, एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली. त्या मान्यतेतही कोणत्या चाचण्या येतात ते बघावं लागतं. पाण्याच्या चाचणीला मान्यता मिळालेली प्रयोगशाळा तोच शिक्का कॅनाबिनॉइडच्या (सीबीडी, टीएचसी यांसारख्या घटकांच्या) कागदावर मारू शकत नाही.

टोरांटोकर_काका

लॅबकर, उत्तम. इथे कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सगळं कायद्याने खुलं आहे, पण सीबीडी तेलही परवानाधारक दुकानातच मिळतं. डब्यावर प्रति मिली सीबीडी किती आणि टीएचसी किती हे दोन्ही आकडे छापलेले असतात, झाकण पोराला उघडता येणार नाही असं. आमच्या सौ. दोन वर्षं झोपेसाठी घेतात, सीबीडीचं प्रमाण भरपूर आणि टीएचसी नावालाच. त्यांना फरक वाटतो. मी घेऊन पाहिलं, मला काही वाटला नाही.

भारतात येताना मात्र आम्ही ते घरीच ठेवतो. कॅनडातून बाहेर नेणं आणि कॅनडात आणणं, दोन्ही गुन्हा आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी.

शारजा_सातपुडा

आणि दुबई-शारजामार्गे येणाऱ्यांनी हे दोनदा वाचा: अमिरातीत सीबीडीही बंदीच्या यादीत आहे. विमान बदलण्यापुरते थांबलात तरी कायदा त्यांचाच. इथे दर सुट्टीत कुणीतरी "अहो, औषधी तेल आहे" म्हणत अडकल्याचं कानावर येतं.

चिकित्सक_मन

सगळे बाटली कशी पारखायची ते सांगताहेत. बाटलीत जे आहे ते गुडघ्यावर चालतं का, हे कुणी विचारणार की नाही?

व्हिएन्नामध्ये नेमका हाच प्रयोग झाला, गुडघ्याच्या झिजेवर. ८६ रुग्ण, पॅरासिटामॉल सगळ्यांना चालू, निम्म्यांना वर रोज ६०० मिलिग्रॅमपर्यंत सीबीडी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आठ आठवड्यांनी वेदनेत फरक नाही. उलट सीबीडी घेणाऱ्यांत यकृताच्या चाचण्या जास्त बिघडल्या. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांवर रोज २०-३० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तिथेही तेच. वेदनेवर संशोधन करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये स्पष्टच म्हटलं की वेदनेसाठी कॅनाबिनॉइड वापरण्याची शिफारस आम्ही करू शकत नाही.

साडेपाच हजारांत फिजिओथेरपीची किती सत्रं होतात याचा हिशोब करा.

निशिगंध_रेडिंग

चिकित्सक, गुडघ्याबद्दल तुमचं पटतं. पण 'हे सगळं थोतांड' असा सूर कुणी लावला तर मला राहवत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या मुलाला ड्रॅव्हे सिंड्रोम आहे, तान्हेपणीच सुरू होणारा फिट्सचा अवघड आजार. पहिला झटका सातव्या महिन्यात. चार औषधं झाली. मग इथे इंग्लंडमध्ये एनएचएसमधून (सरकारी आरोग्यसेवेतून) सीबीडी सुरू केलं, क्लोबाझाम या फिट्सच्या औषधाच्या जोडीने. ते दुकानातलं तेल नाही. प्रत्येक मिलीत मोजून १०० मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी, तिळाच्या तेलात. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, इथे २०१९ च्या डिसेंबरात शिफारस झाली. त्याचं वजन २० किलो असताना दिवसाला २०० मिलिग्रॅम चालू होतं. झटके थांबले नाहीत, पण निम्म्यावर आले. निम्म्यावर येणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल.

आता दुसरी बाजू. सुरू करण्याआधी यकृताच्या चाचण्या झाल्या, नंतर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा. क्लोबाझाममुळे येणारी गुंगी सीबीडीने एवढी वाढली की पोरगं जेवताना ताटावर झोपायचं. क्लोबाझाम कमी करावं लागलं. म्हणजे सीबीडी दुसऱ्या औषधांच्या कामात हात घालतं. त्याच इंग्लंडमध्ये दुकानातल्या सीबीडीसाठी अन्न विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांना दिवसाला १० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितलीय. आधी ती ७० होती. दुसरी औषधं चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी घेऊच नये असंही सांगितलंय.

मनवा, तुझ्या आईला दुसरी कुठली औषधं चालू आहेत? ते तू लिहिलंच नाहीस.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मी बोटीवर असतो, मरीन इंजिनियर. आमच्यातल्या कुणी हा धागा वाचत असेल तर त्याच्यासाठी: फुल स्पेक्ट्रम तेलात थोडं का होईना टीएचसी असतं आणि लघवीच्या तपासणीत ते दिसू शकतं. मशीनला तुम्ही पाठदुखीसाठी घेतलं की आणखी कशासाठी, ते कळत नाही. सीडीसी (बोटीवर काम करायला लागणारं प्रमाणपत्र) गेलं की घराचे हप्ते कोण भरणार? आमच्या कंपनीच्या परिपत्रकात सरळ लिहिलंय की सीबीडी घेतलं होतं ही सबब चालणार नाही.

आबा_वाईकर

हे फुल स्पेक्ट्रम काय प्रकरण आहे? इंद्रधनुष्यासारखं वाटतंय.

लॅबकर

आबा, तसंच समजा. झाडातून निघालं ते सगळं ठेवलं तर फुल स्पेक्ट्रम, टीएचसीसकट. त्यातून टीएचसी काढून बाकीचं ठेवलं तर ब्रॉड स्पेक्ट्रम. फक्त सीबीडीचे पांढरे स्फटिक वेगळे काढून तेलात विरघळवले तर आयसोलेट, त्याला चव-वास जवळपास नाही. फुल स्पेक्ट्रम कडवट, गवतासारखं लागतं.

मनवा_कोथरूड

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. दादाला फोन करून सांगितलं, आणू नकोस म्हणून. तो म्हणाला, "बरं झालं, मी दोन घेतल्या असत्या."

पुण्यातूनच मागवता येईल अशा एका विजया तेलाच्या विक्रेत्याला मी मेल करून बॅचचा अहवाल मागितला. दोन दिवसांनी आला. लेबलावर आहे 'विजया अर्क १५०० मिग्रॅ, ३० मिली'. अहवालात सीबीडी १२ मिग्रॅ प्रति मिली आणि टीएचसी १३ मिग्रॅ प्रति मिली. हे कसं वाचायचं? त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर चार मिनिटांत 'रात्री दहा थेंब' सांगितले.

आईची औषधं: रक्तदाबाची एक, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी एक आणि हृदयाची झडप बदललीय २०१४ मध्ये, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन.

निशिगंध_रेडिंग

मनवा, थांब. आईला एक थेंबही देऊ नकोस.

लॅबकर

निशिगंधताईंना अनुमोदन. औषधांबद्दल जाणकार लिहितीलच, मी फक्त आकडा वाचून दाखवतो. थेंबाच्या नळीत साधारण २० थेंबांचा एक मिली होतो. दहा थेंब म्हणजे अर्धा मिली. त्यात सीबीडी ६ मिलिग्रॅम आणि टीएचसी साडेसहा मिलिग्रॅम. ज्या बाईने आयुष्यात कधी भांग घेतली नाही, वय ६७, त्यांना पहिल्याच रात्री साडेसहा मिलिग्रॅम टीएचसी! जिथे टीएचसी औषध म्हणून देतात तिथे सुरुवात अडीच मिलिग्रॅमने करतात, वयस्कर माणसाला त्याहून कमी. तुम्ही जिला सीबीडीची बाटली म्हणताय तिच्यात सीबीडीपेक्षा नशेचा घटक जास्त आहे. आपल्याकडे या औषधांना ०.३ टक्क्याची अट नाही, म्हणून टीएचसीचा रकाना आधी वाचायचा आणि मग सीबीडीचा.

रात्री दोनला उठून अंधारात बाथरूमला जाणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चक्कर आली तर? आणि वॉरफेरिन चालू असताना पडल्या तर?

वैद्य_रोहिणी

हेच मला विचारायचं होतं, निशिगंधताईंनी आधी विचारलं ते फार बरं झालं.

वॉरफेरिन यकृतातल्या ज्या एन्झाइमांनी मोडतं, त्यांनाच सीबीडी अडवतं. मग वॉरफेरिन रक्तात साचतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा चाचणीचा आकडा) वर जातो, रक्तस्रावाचा धोका वाढतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली एका रुग्णाची नोंद आहे: फिट्ससाठी सीबीडी वाढवत नेलं तसं वॉरफेरिन जवळपास ३० टक्क्यांनी कमी करावं लागलं, तेव्हा कुठे आयएनआर ताळ्यावर राहिला. तिथे डॉक्टर दर भेटीत आयएनआर तपासत होते म्हणून निभावलं. कृत्रिम झडपेच्या रुग्णात आयएनआर वरही जाऊन चालत नाही आणि खालीही येऊन चालत नाही.

फोनवरच्या त्या डॉक्टरांनी चालू औषधं विचारली का?

मनवा_कोथरूड

नाही विचारली. वय, वजन, दुखणं कुठे, एवढंच. मीही सांगितलं नाही. 'आयुर्वेदिक आहे' हे मनात इतकं पक्कं होतं की वॉरफेरिनची आठवणच झाली नाही. तुमचं वाचल्यापासून हात थंड पडलेत. बाटली मागवलेली नाही, नशीब. उद्याच हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेते.

गोदाकाठ

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. माझे वडीलही रक्त पातळ करायची गोळी घेतात आणि शेजारच्यांचं बघून हेच तेल मागवायच्या विचारात होते. आत्ताच फोन करून थांबवलं.

चिकित्सक_मन

जाहिरातींबद्दलही बोलायला हवं. कर्करोग, मधुमेह, संधिवात बरा करतो असं औषधाच्या जाहिरातीत म्हणणं १९५४ च्या चमत्कारी उपायांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. जो विक्रेता एवढा साधा कायदा पाळत नाही, त्याने तेलातलं शिसं तपासलं असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

लॅबकर

शिशाचा विषय काढलात ते बरं केलंत, माझं राहून गेलं होतं. हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. दूषित जमीन साफ करायला ते लावण्याचे प्रयोग झालेत, इतकं ओढतं. म्हणून अहवालात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा हे चारही हवेत. कीटकनाशकं हवीत. अर्क हेक्सेन किंवा अल्कोहोलने काढला असेल तर उरलेल्या द्रावकाची चाचणी हवी. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तेही. फक्त सीबीडी-टीएचसीचं एक पान पाठवून 'टेस्टेड' म्हणणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक. टीएचसीसमोर 'आढळले नाही' लिहिलं असेल तर किती सूक्ष्म मोजू शकणारं यंत्र होतं ते शेजारच्या रकान्यात बघा. ढोबळ काट्यावर चिमूटभर केशर ठेवलं तर काटा शून्यच दाखवणार. शिवाय टीएचसीचं आम्लरूप वेगळं दाखवतात, ते तापल्यावर टीएचसी होतं. एकूण टीएचसी काढताना त्या आम्लाच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून मिळवतात. अहवालात 'एकूण टीएचसी' असा आकडा नसेल तर विचारा.

परदेशी माल म्हणजे चोख, हा समजही सोडा. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली. लेबलाशी जुळली फक्त ३१ टक्के. ४३ टक्क्यांत छापल्यापेक्षा जास्त सीबीडी होतं, २६ टक्क्यांत कमी. ८४ पैकी १८ मध्ये टीएचसी सापडलं. त्याच सुमाराला युटा राज्यात सीबीडी म्हणून विकलेल्या मालाने ५२ जण आजारी पडले. त्यात प्रयोगशाळेत बनवलेलं कृत्रिम कॅनाबिनॉइड निघालं.

टोरांटोकर_काका

हे ५२ जणांचं वाचून सौ.नी आपली बाटली आणून आकडे पुन्हा तपासले. ठीक आहेत म्हणाल्या :)

आबा_वाईकर

मला एक सांगा, गुडघ्यावर वरून चोळलं तर? पोटात जायलाच नको.

वैद्य_रोहिणी

आबा, चोळायचं तर घरातलं कोमट तिळाचं तेल चोळा. चोळण्याने आणि शेकण्याने बरं वाटतं, ते श्रेय सीबीडीला देण्यासाठी चार हजार मोजायची गरज मला दिसत नाही. माझ्याकडे विजयेची औषधं आहेत, मी ती देते, पण निवडक रुग्णांना. समोर बसवून, चालू औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावून. मनोविकाराचा इतिहास असेल तर देत नाही. यकृताचा त्रास असेल तर देत नाही. वॉरफेरिन असेल तर नाहीच.

मनवा_कोथरूड

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

हृदयाच्या डॉक्टरांनी सीबीडी ऐकताच नाही म्हटलं, पण रागावले नाहीत. लेबल आणि अहवाल दोन्ही नीट वाचले, आयएनआर करायला सांगितला, तो व्यवस्थित आहे. मग त्यांनी झोपेबद्दल विचारलं. "जाग आल्यावर पहिलं काय करता?" आई म्हणाली, बाथरूमला जाते. पाण्याची गोळी केव्हा घेता? रात्री जेवल्यावर! कधीतरी सकाळची विसरायला लागली म्हणून तिने स्वतःच वेळ बदलली होती आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. गोळी परत सकाळी आणली. आता ती बहुतेक रात्री पाचपर्यंत झोपते.

गुडघ्यांसाठी फिजिओ लावलाय, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. अजून दुखतं. जिन्याला त्रास होतो. पण परवा ती मंडईत पायी जाऊन आली आणि मेथीच्या दोन जुड्या जास्तच घेऊन आली.

निशिगंध, तुझ्या लेकाचं वाचून आईने त्याच्यासाठी देवापुढे साखर ठेवली. सांग त्याला.

निशिगंध_रेडिंग

सांगितलं. तो विचारतोय, साखर त्याला मिळणार का.

बंगलोरी_सोलापूरकर

धागा शेवटपर्यंत वाचला. मूळ प्रश्न माझ्यासाठी पुन्हा विचारतो. वय ३४, कुठलंही औषध चालू नाही, यकृताच्या चाचण्या गेल्या महिन्यातच झाल्या, ठीक आहेत. पाळीच्या नोकरीमुळे झोप गेलीय. पुरावा कमकुवत आहे हे कळलं, तरी वैद्यांच्या सल्ल्याने एकदा घेऊन बघायचं आहे. तीन विक्रेत्यांना बॅचचा अहवाल मागितला. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने मागच्या वर्षीच्या बॅचचा पाठवला आणि वर म्हणाला, "सर, सेम प्रॉडक्ट है." तिसऱ्याने सहा पानं पाठवली, बॅच बाटलीच्या फोटोशी जुळतो, चारही धातू आहेत, द्रावक आहेत, प्रयोगशाळा बाहेरची आहे.

लॅबकर

तिसरा बरा दिसतोय. टीएचसीचा रकाना?

बंगलोरी_सोलापूरकर

एकूण टीएचसी ०.४ मिग्रॅ प्रति मिली, सीबीडी २० मिग्रॅ प्रति मिली. परवाना क्रमांक आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली' ही सूचना लेबलावर आहे.

लॅबकर

म्हणजे थेंबाला एक मिलिग्रॅम सीबीडी. हिशोबाला सोपं. थेंबांपासूनच सुरुवात करा, पिचकारी भरून नको. किती ते वैद्य ठरवतील. नोकरीत लघवीची तपासणी असते का ते आधी विचारून घ्या, दर्यावर्दींनी लिहिलंय ते ०.४ लाही लागू आहे. पहिले काही दिवस गाडी चालवू नका.

बंगलोरी_सोलापूरकर

तपासणी नसते, एचआरला विचारलं. ऑफिसला मेट्रोने जातो. शनिवारी वैद्यांकडे बाटली आणि सहाही पानं घेऊन चाललोय. ते नाही म्हणाले तर बाटली फोडणार नाही.